शेवटच्या फाटकाचा झोपाळू

नोलीन क्लाइनिगच्या हातात पार्सल दिलं की ती आधी ते काट्यावर ठेवते, मग कानाला लावते, मग वास घेते. पत्ता सगळ्यात शेवटी वाचते. आमच्या कॅरोज वेल गावात नवीन आलेल्या माणसाला हे पाहून हसू येतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि नोलीनचं तोंड कसं पोळलं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. पाहिलंय आणि, खोटं कशाला बोलू, चार वर्षं चघळलंयही.

तिची टपालाची फेरी असते मंगळवारी आणि शुक्रवारी. गावापासून उत्तरेला मातीचा रस्ता, चौदा फाटकं, जाऊन-येऊन चारशे दहा किलोमीटर. एकेका फाटकामागे एकेक कुटुंब, त्यांच्या मेंढ्या आणि नजर पोचेल तिथवर खारट झुडपं. फाटकाशी टपालाचा डबा म्हणून कुणी पिंप ठेवलंय, कुणी जुना फ्रिज. ही फेरी मुळात तिच्या नवऱ्याची, मर्वची. चौदा वर्षं दोघांनी मिळून केली. पाच वर्षांपूर्वी मर्व गेला आणि नोलीन तेराव्या दिवशीच एकटी गाडी काढून निघाली. घरात बसून काय करू, म्हणाली.

मर्व जाऊन वर्ष होतंय तोवर व्हिकरी आला. पांढरी टोपी, मऊ आवाज, पक्ष्यांचे फोटो काढतो म्हणे. सातव्या फाटकावर बुटांची खोकी घेऊन उभा राहायचा. "दगडांचे नमुने आहेत, बाई. जरा जपून न्या." नोलीननं इतकी जपून नेली की खाचखळग्यांवर गाडी अक्षरशः माणसाच्या चालीनं नेली. तिसऱ्या खेपेला शहरातल्या टपालघरात एक दगड हलला. खोक्यांत झोपाळू निघाले. त्रेचाळीस.

झोपाळू म्हणजे आमच्याकडचा सरडा. दीड वीत लांब, जाडजूड, शेपूट डोक्यासारखीच बोथट, त्यामुळे पुढचा भाग कुठला आणि मागचा कुठला हे कुत्र्यांनाही पटकन कळत नाही. धावत नाही, भांडत नाही, फार झालं तर निळी जीभ काढून दाखवतो. आणि वसंतात, म्हणजे आमच्याकडच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, नेमका रस्त्याच्या मधोमध ऊन खात पसरतो. परदेशात त्याला सोन्याचा भाव आहे म्हणतात. व्हिकरीनं एकेकाचे पाय दुमडून चिकटपट्टी गुंडाळली होती आणि एकेकाला एकेका मोज्यात कोंबलं होतं. अकरा मेलेले निघाले. तोवर व्हिकरी विमानात बसून पसार.

मग अधिकारी आले आणि दोन दिवस नोलीनच्या स्वयंपाकघरात बसले. "तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?" हा एकच प्रश्न त्यांनी इतक्या वेळा विचारला, की शेवटी तिला स्वतःलाच शंका यायला लागली. फेरी कशीबशी वाचली, पण लेखी ताकीद मिळाली: असा एक जरी प्रकार पुन्हा घडला, तर फेरी दुसऱ्याला. ते पत्र तिनं फ्रिजच्या दारावर लावून ठेवलंय. फेरी गेली तर तिच्याजवळ काय उरतं? पत्र्याचं घर, दोन कोंबड्या आणि मर्वचा फोटो.

गावानं तेवढ्यावर तरी सोडावं की नाही? पण गाव ते गाव. पेट्रोल भरायला गेली की रस्ता सपाट करणारा डेस हॉस्किन हमखास हाक मारणार, "नोलीन, मोजे आहेत का गं शिल्लक? थंडी पडलीय." आणि सगळे फिदीफिदी हसणार. ती नळी जागेवर अडकवते आणि निघते.

तिला आधार होता एकाच गोष्टीचा. गाडीच्या दारावर, आतल्या बाजूला, मर्वनं खिळ्यानं ओढलेल्या रेघा. वाटेत रस्त्यावर झोपाळू दिसला की मर्व गाडी थांबवायचा, त्याला उचलून पोत्यात घालायचा आणि पुढच्या पाणवठ्यावर, सावलीत, रस्त्यापासून लांब नेऊन सोडायचा. "इथे राहिला तर चाकाखाली जाईल बिचारा. तिथे पाणी आहे, सावली आहे, मजेत राहील." एक झोपाळू, एक रेघ. मर्वनंतर रेघा नोलीन ओढायला लागली. ही गोष्ट ज्या मंगळवारची, त्या सकाळी त्या तीनशे बारा होत्या. व्हिकरीचे त्रेचाळीस तिच्या मानेवर बसलेले होते, पण दारावर तीनशे बारा होते. वाईट रात्र गेली की सकाळी ती गाडीत बसून त्या रेघांवरून बोट फिरवायची.

तर तो ऑक्टोबरातला मंगळवार. आदल्या दिवशी शहरातल्या प्राण्यांच्या दवाखान्यातून कुणा डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"उद्या सकाळच्या बसनं एक खोकं येईल. तुमच्या फेरीच्या शेवटच्या फाटकाचं. गाडीत पुढे, तुमच्या शेजारी ठेवायचं, मागे सामानात नाही. ऊन नको, थंड हवेचा झोतही नको. आतली पिशवी उघडायची नाही. पाच दिवस खायला दिलेलं नाही, म्हणजे वाटेत ओकणार नाही. आणि फाटकावरच्या डब्यात टाकून येऊ नका, माणसाच्या हातात द्या."

"आहे काय त्यात?"

"झोपाळू."

"बाई, माझ्या संडासामागे दोन आहेत. शहरातून इकडे कोण झोपाळू पाठवतं?"

"कागदावर सगळं लिहिलंय. आणि चुकवू नका हं, महिना संपायच्या आत पोचायलाच हवा."

"महिन्याचं काय एवढं?" नोलीननं विचारलं, पण पलीकडे कुणाचा तरी कुत्रा जोरात केकाटला आणि फोन ठेवला गेला.

सकाळी बसवाल्यानं खोकं हातात दिलं. लाकडी, बाजूंना भोकं, वर तांबड्या अक्षरांत 'जिवंत प्राणी'. वजन एक किलो आठशे. कान लावला तर आत कागदाच्या कपट्यांची खसखस. भोकातून कापडी पिशवीची दुहेरी गाठ दिसत होती. मग तिनं कागद वाचला. 'जबडा मोडल्याने उपचार. बरा झाल्याने मूळ जागी परत. रिकामे खोके पुढच्या फेरीने परत पाठवणे.' खाली सही आणि शिक्का.

नोलीनच्या मनात पाल चुकचुकली. एक सरडा, त्याचा मोडलेला जबडा, तो जोडायला म्हणे शहरातला दवाखाना, आणि मग सहाशे किलोमीटर परतीचा प्रवास, सरकारी शिक्क्यासकट. आमच्याकडे माणसाचा दात दुखला तर तीन महिने कुणी विचारत नाही. आणि खोकं परत कशाला हवं? तिनं हिशेब मांडला तो असा: एक झोपाळू कागदासकट आत जाणार, आणि तेच खोकं, तोच कागद घेऊन दुसराच कुणी बाहेर येणार. कदाचित एक नाही, चार. आणि वाहून नेणार कोण? नोलीन क्लाइनिग, जिला आधीच ताकीद मिळालीय.

तिनं वन्यजीव खात्याला फोन लावला. तिथल्या पोरानं नंबर तपासून सांगितलं, "कागद बरोबर आहेत."

"व्हिकरीच्या दगडांचेही बरोबर होते."

"कोणाच्या?"

"काही नाही. बसा तुम्ही उंटावर, हाका शेळ्या," म्हणत तिनं फोन आपटला.

बरं, शेवटच्या फाटकावरचा माणूस तरी धड असावा? तोही नाही. लिंडसे गर. पूर्वी रेल्वेत रूळ तपासायचा. रूळ उखडून नेले, गाड्या बंद झाल्या, आणि निवृत्त झाल्यावर हा बाबा सहा वर्षांपूर्वी जुन्या हॉवर्थ सायडिंगवरच्या गँगमनच्या खोलीत येऊन राहिला. रस्त्यापासून किलोमीटरभर आत. फाटकावर कधी यायचा नाही. छत्री घेऊन झुडपांत वाकून वाकून फिरताना लोकांना दिसायचा. आणि यादीत काय मागवायचा? चहा, बटाटे, बॅटऱ्या आणि नखांना लावायचं लाल पॉलिश. दर वसंतात दोन-तीन बाटल्या. सत्तरी ओलांडलेला एकटा माणूस.

नोलीननं ठरवलं. खोकं न्यायचं, माणसाच्या हातात द्यायचं, आणि त्या माणसाला नीट पाहून घ्यायचं. काही काळंबेरं दिसलं तर खोकं तसंच उचलून थेट पोलिसांकडे. यावेळी "माहीत नव्हतं" म्हणायची वेळ ती येऊ देणार नव्हती.

खोकं तिनं शेजारच्या सीटवर ठेवलं, पट्टा लावला, उन्हाच्या बाजूला टॉवेल लटकवला आणि गार हवेच्या जाळ्या वर वळवल्या. संशय आपल्या जागी, पण आत जीव होता. दर फाटकावर ती भोकाशी नाक नेऊन बघायची आणि म्हणायची, "आहेस ना रे?" आतून खसखस व्हायची.

तेराव्या फाटकावर कोरली पेल चहा घेऊन उभी होती. नोलीनची जुनी मैत्रीण, जिभेला हाड नाही, पण मनाची मोकळी. फ्रूटकेकचा तुकडा खिडकीतून आत देत ती म्हणाली, "हे कोण गं नवीन? पट्टाबिट्टा लावून बसवलंयस."

"लिंडसे गरचा झोपाळू."

"विकत घेतला?" कोरली हसून बेजार झाली. "अगं, आमच्या बागेतले सगळे घेऊन जा म्हणावं, वर बटाटे देते."

"हसू नकोस. मला नाही आवडत हे प्रकरण. तो करतो काय तिथे?"

"आमच्या ह्यांनी पाहिलंय एकदा. मांडीवर झोपाळू घेऊन त्याच्या पाठीला नेलपॉलिश लावत होता. आणि वहीत लिहीत होता."

"खुणा करतो," नोलीन म्हणाली. "माल निवडून ठेवतो."

कोरलीचं हसू मावळलं. "नोलीन, नको जाऊस तू. टाक ते खोकं इथे, आमचे हे नेतील संध्याकाळी."

"संध्याकाळपर्यंत तुझ्या ओसरीवर भाजून निघेल तो. आणि सही माझी आहे." तिनं गाडी चालू केली.

तिथून शेवटचं फाटक साठ किलोमीटर. मधे एका कोरड्या ओढ्याचा उतार लागतो. त्या उतारावर, रस्त्याच्या बरोबर मधोमध, एक झोपाळू पसरलेला होता. नोलीनचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. खाली उतरली, मानेमागे आणि पोटाखाली हात घालून त्याला उचललं. त्यानं निळी जीभ काढली. "हो रे, फार भयंकर आहेस," म्हणत तिनं त्याला पोत्यात घातलं, पोतं पायाशी ठेवलं आणि खिळ्यानं दारावर रेघ ओढली. तीनशे तेरा. सकाळपासून पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

लिंडसे गर चक्क फाटकावर उभा होता. हातात छत्री, अंगात धुतलेला शर्ट, केस पाण्यानं चापून बसवलेले. नोलीननं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यानंही तिला तसंच पाहिलं.

"दोन तास झाले उभा आहे," तो म्हणाला. "ठीक आहे ना तो?"

"आधी मला सांगा, हे काय चाललंय."

"म्हणजे?"

"म्हणजे हेच. सहाशे किलोमीटरवरून सरडा येतो, खोकं परत जायचंय, तुम्ही त्यांना रंग लावता, वहीत लिहिता. चार वर्षांपूर्वी एकानं मला गोड बोलून बनवलं. आता खोकं माझ्याच हातात आहे आणि सगळं कळल्याशिवाय ते सुटणार नाही."

लिंडसे काही बोलणार, तेवढ्यात गाडीत खरखर झाली. खोक्यातून नव्हे, सीटच्या पायाशी. त्याची मान तिकडे वळली.

"त्या पोत्यात काय आहे?"

"त्याचा तुमच्याशी संबंध नाही."

"बाई, पोतं हलतंय." त्याचा आवाज एकदम थंड झाला. "मोज्यांची बाई तुम्हीच ना? मला वाटलं, लोक उगाच बोलतात."

नोलीनच्या अंगाचा तिळपापड झाला. आणि त्याच क्षणी तिला कळलं, आपण कुठे उभ्या आहोत. टपालाच्या गाडीत, पोत्यात बांधलेला, जिवंत, विनापरवाना झोपाळू. ताकीदपत्रात लिहिलेला प्रकार याहून वेगळा तो काय असणार? या म्हाताऱ्यानं एक फोन करायचा अवकाश, फेरी गेली.

"उघडा ते," लिंडसे म्हणाला. "नाहीतर मी सही करणार नाही, आणि गाडीचा नंबर लिहून घेतलाय मी."

"चोर तो चोर, वर शिरजोर," नोलीन पुटपुटली. पण तिनं पोतं काढलं आणि उघडून त्याच्यापुढे धरलं. "बघा. रस्त्यावर होता, उचलला. चाकाखाली जाऊ नये म्हणून. एकोणीस वर्षं करतोय आम्ही हे, मी आणि माझा नवरा. तीनशे तेरा जीव वाचवलेत. दारावर रेघा आहेत, मोजा. मला चोर म्हणायच्या आधी मोजा जरा."

लिंडसेनं झोपाळू हातात घेतला, उलटा करून पोट पाहिलं, पाठ पाहिली. त्याचा राग उतरत गेला, पण चेहरा काही निवळला नाही.

"कुठे उचलला?"

"ओढ्याच्या उतारावर."

"अडतीस किलोमीटर. आणि सोडणार कुठे होता?"

"इथेच. तुमच्या त्या रेल्वेच्या हौदाजवळ. या बाजूला सावलीचं पाणी तेवढंच आहे. नेहमी तिथेच सोडते."

"नेहमी?" लिंडसे म्हणाला.

त्यानं झोपाळू अलगद परत पोत्यात ठेवला. मग म्हणाला, "या माझ्याबरोबर. खोकं घ्या. यालाही घ्या."

ती गेली. का गेली, ते तिलाही सांगता आलं नाही नंतर. जुन्या रुळांच्या जागी नुसता खडीचा उंचवटा राहिलाय, त्याच्या कडेनं दोघं चालत राहिले. एका पडक्या सिग्नलच्या खांबाशी तो थांबला आणि छत्रीनं खूण केली. झुडपाखाली एक झोपाळू होती. पाठीवर नेलपॉलिशचे दोन लाल ठिपके.

"ही मिसेस बेट्स," तो हळूच म्हणाला. "खोक्यात आहे तो बेट्स. सहा वर्षं पाहतोय मी, दर वसंतात हीच जोडी. वर्षभर आपापले फिरतात, सप्टेंबर आला की तो हिला शोधत येतो, आणि दोन महिने तिच्या मागे मागे. ती खाते, तो उभा राहतो. युनिव्हर्सिटीतल्या बाई म्हणतात, वीस-वीस वर्षं एकच जोडीदार धरून असतात. त्यांच्यासाठीच करतो मी ही मोजदाद, परवाना आहे माझ्याकडे. यंदा सप्टेंबरातच बेट्स रस्त्याच्या यंत्राखाली सापडला. डेस हॉस्किनचं यंत्र. तो स्वतःच घेऊन गेला त्याला शहरात, मांडीवर ठेवून. गावात सांगू नका म्हणाला, हसतील."

"डेस?" नोलीन म्हणाली.

"तेव्हापासून ही रोज इथे येते. खांबापासून त्या दगडापर्यंत जाते आणि परत येते. महिना संपला की यायची थांबेल ती. म्हणून घाई."

त्यानं गुडघ्यांवर बसून खोकं उघडलं, पिशवीच्या दोन्ही गाठी सोडल्या आणि पिशवी जमिनीवर आडवी ठेवून मागे सरला. पाच मिनिटं काहीच झालं नाही. मग डोकं बाहेर आलं. जबड्याच्या एका बाजूला पांढरट ठिगळ. बेट्सनं जीभ काढली, आत घेतली, पुन्हा काढली. मग तो चालायला लागला, सरळ खांबाकडे, जराही इकडेतिकडे न बघता. मिसेस बेट्सनं त्याला अंगाला अंग घासून जाऊ दिलं आणि खायला लागली. तो तिच्या मागे उभा राहिला.

नोलीनच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायच्या भानगडीत ती पडली नाही. "मला वाटलं तुम्ही," ती म्हणाली, "मला काहीतरी भलतंच वाटलं."

"मलाही वाटत होतं. तुमच्याबद्दल नाही, पण कुणाबद्दल तरी." त्यानं खिशातून वही काढली. "त्या हौदापाशी मला दर वर्षी परके सापडतात. ठिपके नसलेले, इथले कुणाचेच नसलेले. काल नव्हता आणि आज आहे. सहा वर्षांत एकाहत्तर. मला वाटायचं कुणी तस्कर आहे, पकडला जायच्या भीतीनं माल इथे टाकून पळतो. कितीदा पाळत ठेवली मी, छत्री घेऊन."

नोलीननं वही हातात घेतली. नुसत्या तारखा होत्या. वार लिहिलेले नव्हते, निवृत्त माणसाला वाराशी काय करायचंय. पण नोलीनला आपल्या फेऱ्यांच्या तारखा पाठ होत्या. मंगळवार, शुक्रवार, शुक्रवार. मंगळवार.

"पाणी होतं तिथे," ती म्हणाली. "सावली होती."

"त्यांना पाणी फारसं लागत नाही. शेपटीत साठा असतो. त्यांना लागते आपली जागा. चार-पाचशे पावलांची असते, तेवढ्यात सगळा जन्म. परक्या जागी ठेवलं की चालत सुटतात. कुणी कुठे, कुणी कुठे. एका ठिकाणी ठरत नाहीत."

"मग होतं काय त्यांचं?"

लिंडसेनं वही परत घेतली आणि मिटली. "पुढे बहुतेक मला रस्त्यावरच सापडले, चिरडलेले," तो म्हणाला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच, आणि ते दोघांच्याही मनात आलं असणार. त्यानं पावतीवर सही केली. फोन करायचं नाव काढलं नाही. चहा घेता का, असं मात्र विचारलं. नोलीन नको म्हणाली. रिकामं खोकं एका काखेत आणि पोतं दुसऱ्या हातात घेऊन ती गाडीकडे निघाली. चालताना पोतं अंगापासून लांब धरलं होतं तिनं.

गाडीत बसल्यावर दाराकडे बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण दार लावायला हात तिथेच जातो. मर्वच्या रेघा खोल आणि सरळ आहेत, तिच्या जरा तिरप्या. एकेक रेघ ओढताना मर्व शीळ घालायचा. व्हिकरी निदान चोर होता. मर्वसारखा भला माणूस आमच्या गावात दुसरा झाला नाही.

अडतीस किलोमीटर ती मागे आली. ओढ्याच्या उतारावर तिचीच ब्रेकची खूण मातीत दिसत होती. ती उतरली, पोतं उघडलं, झोपाळूला दोन्ही हातांत धरलं आणि तशीच उभी राहिली. जागा हीच होती. पण त्याचं तोंड कुठल्या बाजूला होतं? पूर्वेकडे निघाला होता की पश्चिमेकडे? कुठल्या बाजूला त्याची वाट बघणारी होती? एकोणीस वर्षांत तीनशे तेरा उचलले आणि एकदाही तिनं ते पाहिलं नव्हतं. उचलायचीच इतकी घाई.

शेवटी तिनं त्याला रस्त्याच्या मधोमध, जिथे होता तिथेच, खाली ठेवलं. आणि जाऊन आपली गाडी रस्त्यावर आडवी लावली.

वीस मिनिटं गेली. झोपाळू हलला नाही. मग गावाच्या बाजूनं धुळीचा लोट आला आणि डेस हॉस्किनची गाडी येऊन थांबली. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काय गं नोलीन, रस्ता विकत घेतलास? की मोजे सांडले कुठे..."

मग त्याला मधे बसलेला झोपाळू दिसला. मग नोलीनचा चेहरा दिसला, आणि तिच्या गाडीतलं सीटवरचं रिकामं खोकं.

"बेट्स?" त्यानं विचारलं.

"पोचला. त्याची बायको तिथेच होती."

डेसनं मान हलवली. "आणि हा कोण?"

"याला मी उचलला होता सकाळी. याचं घर कुठल्या बाजूला, मला माहीत नाही. तो ठरवेपर्यंत इथून कुणी जायचं नाही."

"किती वेळ लागेल?"

"मला काय विचारतोस. इंजिन बंद कर ते, घाबरतोय तो."

डेसनं इंजिन बंद केलं. खाली उतरला, टोपी काढली, आणि तिच्या गाडीला टेकून तिच्या शेजारी उभा राहिला. तिनं कोरलीचा केक अर्धा करून त्याला दिला. ऊन कलायला लागल्यावर झोपाळूनं जीभ काढली, अर्धवट वळला आणि हळूहळू पश्चिमेच्या झुडपांकडे चालू लागला.